जांभळं टोपण

मंगळवार, १३ ऑगस्ट २०१९. डर्बन. पहाटेपासून डोंगराकडचा कोरडा वारा सुटलेला. सकाळी नऊलाच एकतीस अंश, आणि हवेत जळक्या गवताचा वास. ऑगस्ट म्हणजे इथला ऐन हिवाळा; त्यात हा वारा दोन-तीन दिवस येतो आणि समुद्रावरून गार हवा आली की पडतो. त्या दिवशी तो पडायला संध्याकाळ झाली.

डॉक्टर बोंगेका न्गिदी आपली नोंदवही पुरी करत बसली होती. लहान मुलांच्या कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचं तिचं दोन वर्षांचं विशेष प्रशिक्षण शुक्रवारी संपणार होतं. त्याआधी या वहीच्या प्रत्येक पानावर प्रोफेसर मुडलींची सही हवी होती. एकशे एक्क्याऐंशी वेळा श्वासनळीत दुर्बीण घातली, बासष्ट मुलांच्या गळ्यात नळी बसवली, अठ्ठावन्न कानांमागचं हाड कोरलं, अशी सगळी ओळवार नोंद होती. सही झाली की सप्टेंबरपासून याच रुग्णालयात कायमची जागा मिळणार होती. एंपान्गेनीला तिच्या वडिलांनी कापायचा बैल निवडून ठेवला होता आणि गावभर सांगूनही झालं होतं.

६ जूनच्या ओळीपाशी तिचं पेन थांबलं. तिच्याच अक्षरात तिथे लिहिलं होतं: मलुसी सिबिया, वय चार. सकाळी साडेदहा, श्वास मिनिटाला सव्वीस. अकरा वीस, चिकट कफाने नळी बुजली. मृत्यू. ठिकाण: वॉर्ड, खाट सहा.

सिस्टर खोझा दारात येऊन उभी राहिली. वय अठ्ठावन्न, गुडघे दुखरे. वॉर्डात तिच्या शब्दापुढे प्रोफेसरही जात नसत.

"ती परत आलीय, डॉक्टर."

"कोण?"

"मला विचारतेस? बाकावर बसलीय. कागदात गुंडाळलेली फांदी आहे मांडीवर."

"मा खोझा, दोनदा नेलं ना तिने मलुसीला?"

"तेच म्हणते मी. माझी इथे पस्तीस वर्षं झाली. एका मुलाला न्यायला कुणी तीनदा आलेलं पाहिलं नाही." खोझाने दाराची चौकट धरून एक गुडघा सैल केला. "आणि तू इथली कायमची डॉक्टर झालीस की आधी मला एक खुर्ची घेऊन दे. उभ्याने निरोप सांगून सांगून मी मरणार इथे. मलाही मग कुणीतरी न्यायला यावं लागेल."

बोंगेका हसली नाही.

त्यांच्या लोकांत दवाखान्यात मेलेल्या माणसाला घरी न्यावं लागतं. देह शवागारातून निघतो, पण माणूस जिथे शेवटचा श्वास घेतला त्याच जागी बसून राहतो. मग घरचं कुणीतरी उम्लाहलांकोसीची, बोरीसारख्या काट्यांची फांदी घेऊन त्या जागी येतं, नावाने हाक मारतं आणि चल म्हणतं. फांदीला धरून तो येतो. जिना आला की जिना सांगायचा, टॅक्सी आली की टॅक्सी सांगायची, शेजारची जागा रिकामी ठेवायची. घर येईपर्यंत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. अकरा वर्षांची असताना बोंगेकाने स्वतः आजोबांची फांदी धरून बसमधून प्रवास केला होता. दोन तास ती गप्प होती आणि फांदी इतकी जड झाली होती की दुसऱ्या दिवशी खांदा हलत नव्हता. तेव्हा आजीने तिला एकच गोष्ट बजावली होती. जागा तीच हवी. वीतभरही इकडे तिकडे नको.

मलुसीची खरी जागा जगात फक्त एका माणसाला ठाऊक होती.

६ जूनला दुपारी बारा वाजता परदेशातले दोन प्राध्यापक विभाग पाहायला येणार होते. प्रोफेसर मुडली आदल्या दिवशी तिला म्हणाले होते, "एखादं मूल बोलून दाखव, न्गिदी. माणसं आकडे विसरतात, आवाज विसरत नाहीत." मलुसीच्या स्वरयंत्रावर चामखिळीसारख्या गाठी वाढत, म्हणून दोन वर्षांपासून त्याच्या गळ्यात नळी होती. नळीतून श्वास घेणाऱ्या मुलाला आवाज नसतो, त्याचं रडणंही ऐकू येत नाही. काही हवं असलं की मलुसी खाटेच्या दांड्यावर चमचा वाजवायचा. तीन ठोके म्हणजे आई.

अशा मुलांसाठी नळीच्या तोंडावर बसवायचं एक जांभळं टोपण येतं. त्याच्यातली झडप श्वास आत घेते, पण बाहेर सोडत नाही. बाहेर जाणारी हवा मग नळीच्या कडेने कंठातून वर जाते आणि मूल बोलतं. मात्र काही नळ्यांना खालच्या बाजूला एक फुगा असतो, तो आधी रिकामा करावा लागतो. फुगा भरलेला असेल तर कडेची वाट बंद. मग हवा आत येते आणि बाहेर जायला कुठेच जागा राहत नाही. हा या कामातला पहिल्या आठवड्यातला धडा. बोंगेकाने तो स्वतः अकरा नर्सेसना शिकवला होता.

आदल्या दिवशी मलुसीच्या गाठी काढल्या होत्या आणि रक्त खाली उतरू नये म्हणून तिनेच त्याला फुग्याची नळी घातली होती. ६ जूनला सकाळी अकराच्या सुमारास तिने त्याच्या आईला चहा प्यायला पाठवलं आणि पाहुण्यांसमोर फजिती नको म्हणून त्याला उचलून दुर्बिणीच्या खोलीत नेलं. नुसती रंगीत तालीम. त्या खोलीत पडद्यावरचं चित्र नीट दिसावं म्हणून काळे पडदे कायम ओढलेले असतात. तिने त्याला दाराच्या डावीकडच्या खुर्चीत बसवलं आणि टोपण लावलं. फुग्याची बारीक दोरीसारखी नळी त्याच्या खांद्यावर लोंबत होती. अंधारात तिने ती पाहिली नाही.

"म्हण, मा," ती म्हणाली.

त्याने श्वास घेतला. मग आणखी एक, त्यावर आणखी एक. खांदे वर चढले, डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले. तिला वाटलं, बोलायला बळ गोळा करतोय. ती हसून म्हणत राहिली, "बोल, बोल."

तिच्या लक्षात आलं तोवर त्याची छाती ढोलासारखी घट्ट झाली होती. तिने टोपण ओढून काढलं, फुगा रिकामा केला, छाती दाबली. चार मिनिटं ती एकटीच झटत राहिली. कुणाला हाक मारली नाही, कारण हाक मारणं म्हणजे सांगणं. शेवटी त्याला खांद्यावर टाकून, झोपलेल्या मुलाला नेतात तसं, अठरा पावलं चालत ती सहा नंबरच्या खाटेपाशी आली. पडदा ओढला आणि धोक्याची घंटा दाबली.

टोपण तिने संध्याकाळी उम्गेनीच्या पुलावरून नदीत टाकलं. वॉर्डातल्या डब्यात सहा असायची, त्या दिवसापासून पाच राहिली.

आपण चहाला गेलो म्हणून मूल गेलं, असं त्याची आई धरून चालली होती. कुणी तिला नाही म्हटलं नव्हतं.

फिकीले सिबिया बाकाच्या टोकाला बसली होती. सत्तावीस वर्षांची, अंगावर काळे कपडे, पायांत धुळीने भरलेले बूट. वाऱ्याने व्हरांड्याची दारं आपोआप हलत होती.

"मलुसीची आई, इथे धूळ येते. आत बसा."

"इथेच बरी आहे." तिने वर पाहिलं. "डॉक्टर, तो घरी आला नाही."

बोंगेका तिच्या शेजारी बसली.

"दोन्ही वेळा फांदी हलकी होती. सासूने पहिल्या दिवशी दारातच ओळखलं. म्हणाली, सूनबाई, कुणाला घेऊन आलीस? तू तर रिकामी आलीस." फिकीले सावकाश बोलत होती. "मला कागदपत्र काही नको. मी वकिलाकडे जाणार नाही, रेडिओवर जाणार नाही. मला फक्त जागा सांगा."

"सहा नंबरची खाट. तुम्हाला दाखवली होती."

"त्या खाटेवर मी दोनदा बसले. तिथे तो नाही. दोन वर्षं त्याला आवाज नव्हता, तरी तो कुठल्या कोपऱ्यात आहे ते मला पाठमोरं कळायचं."

बाकावरून दुर्बिणीच्या खोलीचं दार समोर दिसत होतं. एक वाक्य पुरलं असतं. बोंगेकाच्या मनात वही आली, शुक्रवार आला, एंपान्गेनीचा बैल आला.

"दुःखात असं वाटतं माणसाला," ती म्हणाली. "आपल्याकडे बोलायला एक बाई आहेत, फार चांगल्या. मी तुमचं नाव देऊन ठेवते."

फिकीलेने कागद सोडून फांदी हातात घेतली. पानं अजून हिरवी होती.

"तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आत्ता कळलं मला. तुम्ही त्या दाराकडे बघितलंत आणि मग माझ्याकडे."

ती उठली. दाराकडे गेली नाही, खाटेकडेही गेली नाही. व्हरांड्याच्या मधोमध उभी राहून तिने फांदी समोर धरली आणि घरात बोलावं तितक्याच आवाजात म्हणाली, "मलुसी, मी आई. मला तुझी जागा कुणी सांगत नाही. जिला ठाऊक आहे, तिच्याबरोबर जा. तिच्याजवळच राहा, बाळा. सोडू नकोस."

मग तिने फांदी बाकावर ठेवली, बोंगेका बसली होती तिथे, आणि मोकळ्या हातांनी निघून गेली. जिना आला तेव्हा तिने जिना सांगितला नाही.

खोझा आतून सगळं पाहत होती. तिने फांदीला हात लावला नाही.

"तू काय केलंस, मुली?"

"काही नाही."

"मग उचल ती."

बोंगेकाने फांदी उचलून भिंतीशी ठेवली. ती इतकी जड होती की तिला दोन हात लावावे लागले.

दुपारी दोन वाजता दुर्बिणीच्या खोलीत एक मुलगी आली. अडीच वर्षांची. शेंगदाणा श्वासनळीत गेलेला. भूल देणारे डॉक्टर, प्रोफेसर मुडली, खोझा आणि बोंगेका, एवढीच माणसं. दिवे मालवले, काळे पडदे ओढले. पडद्यावर श्वासनळीचा गुलाबी बोगदा उमटला. बाहेर वारा हवेच्या झरोक्यातून घुसत होता आणि जळक्या गवताचा वास इथवर आला होता.

बोंगेकाचा हात स्थिर होता. चिमटा खाली गेला.

टक्. टक्. टक्.

धातूवर धातू. दाराच्या डावीकडून.

"चमचा कोण वाजवतंय?" तिने पडद्यावरून नजर न हलवता विचारलं.

"इथे कसला चमचा?" प्रोफेसर म्हणाले. "भूक लागली का तुला? आधी दाणा काढ."

तिने दाणा काढला. चार मिनिटं दहा सेकंद. मुलगी छान श्वास घेत होती. प्रोफेसरांनी ताटलीतला दाणा उजेडात धरला. "कुंडीत लाव. उगवला तर त्याला तुझं नाव देऊ." भूलवाले डॉक्टर मुलीला घेऊन शेजारच्या खोलीत गेले. दिवे लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता बोंगेकाला श्वास ऐकू येत होता. लहान छातीचा. आत... मग पुन्हा आत... पुन्हा आत. बाहेर सोडल्याचा आवाज येईल म्हणून ती वाट पाहत होती.

प्रोफेसर पडद्याच्या निळ्या उजेडात तिची वही चाळत होते. पेन त्यांच्या हातात होतं. "सुरेख वही आहे. तुझ्यामागून येणाऱ्यांना दाखवीन मी. फक्त मृत्यूची प्रत्येक ओळ तोंडी विचारायचा नियम आहे, म्हणून विचारतो. सहा जून. सिबिया. ठिकाण वॉर्ड, खाट सहा. बरोबर?"

खोझा हत्यारं पुसायची थांबली.

बोंगेकाच्या खांद्यावर काहीतरी बारीक, दोरीसारखं लोंबलं आणि मानेला टेकलं. ते ओलं होतं. तिने हात वर नेला नाही. डावीकडची खुर्ची अंधारात होती, तिच्याकडे तिने पाहिलं नाही. अजून वेळ आहे, एवढंच तिला वाटलं. खोझा माझ्याकडे पाहतेय आणि अजून वेळ आहे...

"हो सर," ती म्हणाली. "खाट सहा."

प्रोफेसरांनी सही करायला सुरुवात केली.

तिने श्वास घेतला. तो बाहेर आला नाही. तिने आणखी घेतला, कारण शरीर तेवढंच करू शकत होतं. मग आणखी. खांदे वर चढले. डोळे प्रोफेसरांच्या चेहऱ्यावर खिळले. त्यांना वाटलं, पोरीला भरून आलंय, आभाराचं काहीतरी म्हणायचंय.

"बोल, बोल," ते हसून म्हणाले.

"सर..." खोझाचा आवाज घसरला. "सर, तिचा श्वास बाहेर पडत नाही."

दुपारी दोन सत्तेचाळीस. भूलवाले डॉक्टर धावत परत आले आणि तिला त्याच टेबलावर आडवं केलं. मुडलींनी स्वतः दुर्बीण घालून पाहिलं. घसा मोकळा होता, स्वरयंत्र उघडं होतं, खालची वाट स्वच्छ होती. अडकलेलं काहीच नव्हतं आणि छाती दगडासारखी झाली होती. त्यांनी गळ्यावर छेद घेतला आणि सहा नंबरची नळी आत सरकवली. हवा सुटली. ती इतका वेळ सुटत राहिली की भूलवाल्या डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. एकोणीस सेकंद.

वहीत सहीची फक्त पहिली दोन अक्षरं उमटली होती.

संध्याकाळी वारा पडला. खोझाने नेहमीप्रमाणे टोपणांचा डबा मोजला. सहा होती. एक ओलं होतं आणि त्याच्या झडपेत नदीचा बारीक गाळ होता. फांदी भिंतीशी होती. तिची पानं एका दुपारीत वाळून गेली होती, आणि खोझाने दोन बोटांनी उचलली तेव्हा ती काडीसारखी हलकी होती.

बोंगेका जगली. जखम भरली, ताकद आली, जेवण जाऊ लागलं. आवाज मात्र आला नाही. मुडलींनी पाच वेळा जांभळं टोपण लावून पाहिलं. दर वेळी फुगा स्वतः तीनदा तपासला. फुगा रिकामा, कडेची वाट मोकळी, तरी टोपण लागलं की छाती भरत जायची आणि हवा बाहेर यायची नाही. पाचव्या वेळी मुडलींनी टोपण काढून खिशात टाकलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. काही हवं असलं की ती खाटेच्या दांड्यावर चमचा वाजवत असे.

शुक्रवारी, २० सप्टेंबरला, तिने एका कागदावर सगळं लिहिलं. फुगा, टोपण, चार मिनिटं, अठरा पावलं. शेवटी जागा: दुर्बिणीची खोली, दारातून शिरताच डावीकडे, भिंतीलगतची खुर्ची. त्याच्या दोन प्रती केल्या. एक मुडलींना दिली, दुसरी खोझाला, आणि पाटीवर लिहिलं, "तिला द्या. तिने त्याला घेऊन जावं."

रविवारी खोझा दोन टॅक्सी बदलून न्ड्वेड्वेला गेली. फिकीले अंगणात चुलीवर अमादुंबे, अळकुड्यांसारखे कंद, उकडत होती. तिने हात पुसले, कागद उभ्याने वाचला, पुन्हा वाचला आणि घडी करून परत दिला.

"आता तो तिथे नाही, मा."

"ते मलाही दिसतंय. मग जिथे आहे तिथून ने ना, पोरी. फांदी मी आणून देते. ती डॉक्टर रात्रंदिवस..."

"मी येऊन विचारलं होतं. त्यांच्या शेजारी बसून विचारलं." फिकीलेने भांड्यावरचं झाकण सारखं केलं. "आता मी त्याला सांगून बसलेय, सोडू नकोस म्हणून. तो शहाणा आहे. आईने सांगितलेलं ऐकतो."

"चार वर्षांचं लेकरू आहे ते."

"म्हणून तर," फिकीले म्हणाली. "एवढ्या लहान मुलाला एकटं कसं ठेवायचं? कुणीतरी जवळ हवं."

निघताना तिने खोझाच्या पिशवीत अमादुंबे भरून दिले, गरमच. तुम्हाला लांब जायचंय, म्हणाली, वाटेत खा.

मंगळवार, १ ऑक्टोबर २०१९. सकाळपासून रिमझिम, अठरा अंश. मृत्यूच्या नोंदवहीत मलुसी सिबियाच्या नावापुढचं ठिकाण दुरुस्त करून 'दुर्बिणीची खोली' असं लिहिण्यात आलं; साडेदहाची श्वासाची नोंद, मिनिटाला सव्वीस, तशीच राहिली. डॉक्टर बोंगेका न्गिदीचं प्रशिक्षण रद्द झालं आणि प्रमाणपत्र दिलं गेलं नाही. गळ्यातली नळी कायम ठेवायची असं ठरलं. सकाळी साडेदहाला नर्सने तिचा श्वास मोजला. छातीवर हात ठेवून मोजला तेव्हा मिनिटाला चौदा भरला. नळीच्या तोंडाशी कान ठेवून मोजला तेव्हा सव्वीस. घड्याळ बदललं, नर्स बदलली, मग खोझाने स्वतः मोजला. छातीवर चौदा. नळीच्या तोंडाशी सव्वीस.